शनिवारची बालुशाही

तात्या, मी सध्या व्हिएन्नात राहते. हे शहर कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. नकाशात युरोपच्या साधारण मधोमध बोट ठेवलं तर ते इथंच कुठंतरी पडेल. तुमच्या जावयांची नोकरी इकडं आली आणि तीन वर्षांपूर्वी मी पुण्यातलं डेअरीच्या लॅबमधलं काम सोडून, मुलीला घेऊन त्यांच्या मागोमाग आले. जावई तुम्ही पाहिले नाहीत आणि नातही पाहिली नाहीत. नात आता तेरा वर्षांची आहे. तुम्ही गेलात तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होता आणि मी सोळाची. आता मला चव्वेचाळिसावं चालू आहे. हा हिशोब मी पूर्वी कधी करत नसे. या हिवाळ्यापासून करायला लागले.

इथल्या लोकांची गोडाशी वागायची रीत आपल्याहून वेगळी आहे. आपल्याकडं गोड म्हणजे सण, पाहुणे, पेढे वाटायचं काहीतरी निमित्त. इथं दुपारी तीन-साडेतीनला चांगले कोट घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या एकेकटे कॅफेत येऊन बसतात, केकचा एक तुकडा मागवतात आणि पेपर वाचत काट्यानं तासभर पुरवून खातात. त्यांना कुणी का म्हणून विचारत नाही. मी आले तेव्हा मला जर्मनचं अक्षर येत नव्हतं, म्हणून सरकारी वर्गात नाव घातलं. तिथल्या बाई फार हौशी. त्यांनी सगळ्यांना एक अभ्यास दिला, की दर आठवड्याला शहरातला एक नवा गोड पदार्थ खायचा आणि तो कसा होता ते वर्गात येऊन जर्मनमध्ये सांगायचं. तेव्हा माझं खाणं असं गृहपाठ म्हणून सुरू झालं, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

पहिल्या आठवड्यात सफरचंदाचं सारण भरलेली एक वळकटी खाल्ली. तिची पारी मांड्यासारखी पातळ ओढतात, आत दालचिनी आणि बेदाणे. पुढच्या आठवड्यात अंड्याचं जाड धिरडं, जे तव्यातच दोन उलथन्यांनी टराटरा फाडतात आणि वर पिठीसाखर भुरभुरतात. मग काळ्या खसखशीत घोळवलेले बटाट्याच्या पिठाचे लांबट गोळे, जे पाहून मला पहिल्यांदा शिसारी आली आणि नंतर त्यांच्यासाठी मी दोन ट्रॅम बदलून जायला लागले. उन्हाळ्यात जर्दाळूचे उंडे मिळतात. अख्खं फळ पिठात गुंडाळून उकडतात, पण त्याआधी त्यातली बी काढून घेतात आणि बीच्या जागी साखरेचा खडा ठेवून फळ पुन्हा मिटवतात. तो खडा आत विरघळतो. मी पहिला उंडा फोडला आणि ती गरम साखर ताटलीत वाहिली, तेव्हा मला तुम्ही दिसलात. कारखान्यात रस आटवायच्या पॅनसमोर उभे, बनियन घामानं अंगाला चिकटलेली.

तुमचं काम मी माझ्या मुलीला अनेकदा समजावून सांगितलंय. तिला वाटतं ऊस पिळला की साखर पडते. मी तिला सांगते की मधे एक माणूस लागतो. आटत आलेल्या रसाचा एक थेंब तो काचेच्या पट्टीवर घेतो, दिव्यासमोर धरतो आणि त्यात दाणा धरलाय की नाही ते बघतो. त्याला पॅनमन म्हणतात आणि माझे वडील पॅनमन होते. गळिताच्या हंगामात मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही मला ती पट्टी दाखवायचात. "बग, कसा वाळूसारखा दिसायला लागलाय. अजून अर्धा तास." मग बोटाच्या चिमटीत घेऊन चोळायचात आणि अंगठा जिभेला लावायचात. मला त्या काचेतले दाणे इतके आवडायचे की पुढं मी लॅबचंच शिक्षण घेतलं. तुमच्या कपड्यांना मळीचा वास यायचा. तो धुऊन जात नसे, आई अंगणात दोरीवर वेगळे वाळत घालायची.

तुम्हाला साखर निघाली त्या दिवशी कॉलनीतले लोक हसले होते. साखर कारखान्यातल्या माणसाला साखर, म्हणून. तुम्हीही हसलात. आई हसली नाही. तिच्या माहेरी निमगाव केतकीला तिचा चुलता याच दुखण्यानं गेला होता, आणि तो कसा गेला ते तिनं पाहिलं होतं. तिनं साखरेचा आणि गुळाचा डबा लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला आपण निमगावला गेलो. विहारात खीर वाटत होते. वाढणारी बाई तुमच्यापाशी आली आणि आईनं लांबूनच हात करून तिला पुढं जायला लावलं. तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत बसलात. मी माझी वाटी संपवत होते. मी तुमच्याकडं बघितलं आणि तरी ती संपवली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तुम्ही मला विहिरीकडं बोलावलंत. मी चौदा वर्षांची, दर शनिवारी बारामतीला गणिताच्या शिकवणीला एसटीनं जाणारी. तुम्ही म्हणालात, "येताना माझ्यासाठी दोन बालुशाही आण. आईला न्हाय सांगायचं. जिलेबी नको, पाक गळतोय, दप्तराला लागंल. बालुशाही कोरडी अस्ती." तुम्ही त्याचा किती विचार केला होता हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की घरातल्या सगळ्यांमधून तुम्ही मला निवडलंत. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी वहीच्या मागं ठेवून आणायचे. तुम्ही ती गोठ्यापाशी, उभ्याउभ्या, डोळे मिटून खायचात. कागद मी चुलीत घालायचे. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायचात. त्या गुपितानं आणि त्या हातानं मला इतकं बरं वाटायचं, की कधी तुम्ही पुढच्या शनिवारचं बोलायला विसरलात तर मीच आठवण करून द्यायची.

मग तो चैत्रातला दिवस. हंगाम संपत आलेला, तुमची सकाळची पाळी. तुम्ही दुपारी घरी येता, उंबऱ्याबाहेर चप्पल काढता, हंड्यातून पाणी घेता, आतल्या खोलीपर्यंत जाता, परत येता. मी फरशीवर बसून शेंगा सोलतेय. आपल्या शहाबादी फरशीवर एक एक पाऊल उठत जातंय, फक्त डाव्या पायाचं. तुम्ही मागं वळून बघता आणि अगदी सहज विचारता, "कुणाचे पाय उठलेत गं हितं?"

आई चुलीपुढून उठून आली. तिनं आधी फरशी बघितली, मग तुमचा पाय हातात घेतला. चपलेच्या तळातून चांभारी खिळा वर आला होता. सकाळी सहापासून तुम्ही त्या खिळ्यावर उभे होता. तुम्ही आईला म्हणालात की काही कळलंच न्हाय बग. ते तुम्ही थोडं कौतुकानंच म्हणालात. आई मटकन खाली बसली. मला वाटलं ती रक्ताला घाबरली. रक्ताला नव्हती घाबरली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जखम काळी पडली, दोन बोटं काढली. बोटं काढल्यावर मी बालुशाही बंद केली. चार शनिवार तुम्हीही काही बोलला नाहीत. पाचव्या शनिवारी मी दप्तर भरत होते, तुम्ही खाटेवर पाय वर घेऊन बसला होता, आई पाणी आणायला गेलेली. "एकच आण," तुम्ही म्हणालात. मी मान हलवली नाही. तेव्हा तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तुझ्या हातचं मला बाधायचं न्हाय." आणि मी ते खरं मानलं, तात्या. पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेत शरीरशास्त्र शिकवलेलं असतं, मला स्वादुपिंडाची आकृती काढता यायची. तरी मी मानलं. त्या दिवशी मी एक नाही, दोन आणल्या.

पुण्याच्या हॉस्पिटलात गुडघ्याखाली पाय काढला तेव्हाचं एक तुमच्याशी बोलायचं राहून गेलंय. एक तरुण डॉक्टर राउंडला आले होते. हातात तुमचा कागद. ते आईला विचारत होते की गोळ्या वेळेवर चालू आहेत, घरात पथ्य आहे, तर रक्तात एवढी साखर येते कुठून, यांना गोड कोण आणून देतं. आईनं गळ्यातली किल्ली काढून त्यांना दाखवली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तुमचा पाय जिथं असायला हवा होता तिथं चादर सपाट होती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मला वाटतं एक-दोन सेकंदच, आणि डॉक्टरांना म्हणालात, "साहेब, मी पॅनमन हाय. दिवसभर साखरंतच उभा असतोय. चाखल्याबिगर काम व्हत न्हाय. जातीच थोडी पोटात." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी गप्प राहिले. वर्षभरात तुम्ही गेलात, आणि तेव्हाही मी गप्प होते.

आई आता भावाकडं बारामतीत असते. रविवारी व्हिडिओ कॉल करते. तुमचा विषय निघाला की तिचं एकच वाक्य ठरलेलं आहे, की त्यांना त्या कामानं खाल्लं. कारखान्याच्या रस्त्यानं जायचं झालं तर ती भावाला गाडी दुसरीकडून घ्यायला लावते. मी फोनवर हं हं करते. काय केलंस आज खायला, असं ती मला विचारते. मी भाकरी सांगते, मेथी सांगते.

पुण्यातून निघायच्या आधी आम्ही सगळ्यांनी तपासण्या केल्या होत्या. माझी साखर काठावर निघाली. तुमच्या जावयांना घराण्याचा इतिहास माहीत आहे, म्हणजे मी सांगितला तेवढा. त्यांनी त्या दिवसापासून घरात साखर आणणं बंद केलं. चहासुद्धा बिनसाखरेचा, तेही माझ्यासोबत तसाच पितात. चांगला माणूस आहे. त्यामुळं माझं खाणं बाहेरचं झालं. जर्मनचा वर्ग सुटला, पण गृहपाठ चालूच राहिला. कोपऱ्यावर एक बेकरी आहे. तिथली बाई मला दारातून येताना बघूनच चिमट्याकडं हात न्यायला लागली. एका आठवड्यात चौथ्यांदा तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा ती हसून काहीतरी म्हणाली. वाईट काही म्हणाली नसणार. पण मला लाज वाटली आणि मी तिथं जायचं थांबवलं.

मग मी मुलीला सांगितलं. ती शनिवारी सकाळी पोहायला जाते आणि तलावाच्या बाहेरच एक दुकान आहे. मी म्हणाले, येताना माझ्यासाठी एक जॅम भरलेला तळलेला गोळा आण, पण वर पिठीसाखर असलेला नको, ती कपड्यांवर सांडते. बाबांना सांगायची गरज नाही. हे मी ओट्यापाशी, भांडी पुसता पुसता म्हणाले. तिचे डोळे चमकले. गुपितात कुणी घेतलं की चमकतात तसे. मी ते पाहिलं, तात्या. ते डोळे मी आतून ओळखते. शब्द तोंडातून गेले होते तरी परत घेता आले असते. मी ताटली पुसून फडताळात ठेवली आणि पुढची घेतली.

या हिवाळ्यात माझे पाय बधिर व्हायला लागले. इथं थंडीत सगळ्यांचेच होतात, असं मी धरून चालले. रात्रीतून चार-पाचदा उठून पाणी प्यायचे. हीटरनं हवा कोरडी होते, सगळेच पितात. बर्फ पडला की लोक घसरू नयेत म्हणून नगरपालिका फुटपाथवर बारीक खडी टाकते, कोनेदार, काळी. जानेवारीत एका दुपारी मी बाजार करून, दोन-अडीच तास चालून घरी आले, बूट काढले, स्वयंपाकाला लागले. मुलगी शाळेतून आली तेव्हा माझा मोजा न्हाणीघरात बादलीत होता आणि पाणी लालसर झालेलं. तिनं माझा बूट उलटा केला तर आतून खडा पडला. हरभऱ्याएवढा. ती तो तळहातावर घेऊन माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "आई, हा तुझ्या बुटात होता. तुला टोचला नाही?"

मी म्हणाले टोचला की, म्हणून तर बूट काढला. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मग विचारलं, आजोबा कशानं गेले. तिनं हे पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, त्यांचं वय झालं होतं.

पुढच्या शनिवारी ती पोहून आली, केस ओले, हात रिकामे. त्याच्या पुढच्या शनिवारीही हात रिकामे. दोन्ही दिवशी मला इतका राग आला की मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत धड बोलले नाही. एका गोळ्यासाठी, स्वतःच्या लेकीवर. मग तिनंच वडिलांना सांगून डॉक्टरांची वेळ घेतली. वडिलांना तिनं फक्त पायाला लागलंय एवढंच सांगितलं होतं. ते कामासाठी बाहेरगावी जाणार होते, म्हणून मुलीनं माझ्यासोबत यायचं ठरलं, भाषेसाठी. मला दुकानापुरतं जर्मन येतं, आजारापुरतं येत नाही.

डॉक्टर म्हातारे आहेत, हळू बोलणारे. रक्त आधीच तपासून झालं होतं, त्याचा कागद त्यांच्यापुढं होता. तो त्यांनी वाचला, चष्मा काढला, परत घातला. मुलीला काही विचारलं. ती माझ्याकडं वळली. "आई, ते विचारतायत, तू गोड किती खातेस."

"सांग, कधीतरी. सणावाराला."

समोरच्या भिंतीवर पायाच्या नसांचं एक रंगीत चित्र होतं, मी तिकडं बघत राहिले. मग ती बोलायला लागली, आणि मी सांगितलं होतं त्याहून ते फार लांबलं. त्यातला शनिवार मला ओळखू आला. त्यातला ‘मी’ हा शब्दही ओळखू आला, दोनदा आला. ती मधे थांबली नाही. सगळं सांगून झाल्यावर माझ्याकडं न बघता मराठीत म्हणाली, "मी खरं सांगितलं." तिच्याहून दोन वर्षांनी मोठी मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, तात्या, तुम्ही माझ्याकडं बघत होता, आणि मला एवढंसुद्धा जमलं नव्हतं. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पथ्याचा कागद दिला. खड्याची जखम बघितली, अजून पुरती भरली नव्हती. लागलं तेव्हा दुखलं का, म्हणून विचारलं. खूप दुखलं, असं मी स्वतःच जर्मनमध्ये सांगितलं, तेवढं मला येतं. मग त्यांनी मला खाटेवर निजायला सांगितलं आणि एक जाडसर नायलॉनचा धागा काढला, मासे धरायच्या दोरीसारखा. तो ते तळव्याला निरनिराळ्या जागी टेकवणार, मी डोळे मिटून घ्यायचे आणि जाणवलं की हो म्हणायचं. दोन्ही पायांना मिळून वीसेक वेळा त्यांनी ते केलं. मग मान हलवली आणि मुलीकडं बघून हसले. तिनं मला भाषांतर करून सांगितलं की पाय अजून चांगले आहेत, वेळेत आलात, आता जपायचं. घरी येताना ट्रॅममध्ये ती माझ्या खांद्याला टेकून झोपी गेली. तिच्या मनावरचं ओझं किती उतरलं होतं ते तिच्या अंगाच्या वजनावरून कळत होतं. मी तिला उठवलं नाही. आमचा थांबा मागं गेला तरी उठवलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. म्हणून जे तिला, मुलीला, जावयांना कुणालाच सांगितलेलं नाही ते इथं लिहिते. मला एकदाही काही जाणवलं नाही, तात्या. डॉक्टर पुढं वाकले की त्यांच्या चाकाच्या स्टुलाचा आवाज व्हायचा. तो आला की मी हो म्हणत होते.